अंगठ्याची हळद

दर सोमवारी सकाळी लातूरहून नांदेडला येणाऱ्या गाडीत आपा खिडकीशी बसलेली असायची आणि तिच्या शेजारच्या सीटवर तिचा रुमाल. चाकूरच्या स्टँडवर गाडी थांबली की मी दाराकडं धावायच्या आधी खिडक्या बघायची. रुमाल उचलत ती म्हणायची, "बैस चाकूर. एका म्हाताऱ्याशी भांडले तुझ्यापायी." दर सोमवारी म्हातारा नवा असायचा आणि भांडण आधीपेक्षा मोठं. लोह्याला गाडी थांबली की ती भजी आणायची आणि मी चहा.

नांदेडला आम्ही दोघी एकाच सरांकडं पीएच.डी. करत होतो. ती माझ्याहून थोडी मोठी, म्हणून सगळा विभाग तिला आपा म्हणायचा, सरसुद्धा. मला ती माझ्या गावाच्या नावानं हाक मारायची. तिच्या वडिलांचं लातूरला बांगड्यांचं दुकान, माझ्या वडिलांचं चाकूरला किराणा. इथं नाव तिचंही नाही आणि माझंही नाही. तशी तिची अट आहे.

आमचं काम सांगते. हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिन नावाच्या द्रव्यामुळं असतो. शरीराची आतल्या आत जी झीज होते, लोखंडाला गंज चढावा तशी, तिला ते आवर घालतं असं म्हणतात. म्हणून औषधवाले त्याच्या मागं असतात. ते शेतातून मिळवायचं तर आठ-नऊ महिने हळद सांभाळा, खणा, शिजवा, वाळवा, आणि पोतंभर हळकुंडातून हाती येणार थोडंसं. सरांची कल्पना अशी होती की हळदीचं झाड ज्या जनुकांच्या जोरावर हे द्रव्य तयार करतं, ती जनुकं एका साध्या जिवाणूच्या अंगात घालायची. जनुकांची एक छोटी गोल कडी असते, ती त्याच्या आत सोडायची. मग त्याला तांदळाच्या कोंड्यापासून मिळणारं एक आम्ल खायला घालायचं. त्यानं ते खाऊन आपल्याला कर्क्युमिन करून द्यायचं. चंबूतलं गढूळ पाणी पिवळं झालं की आम्ही जिंकलो.

आपानं हे तिच्या अब्बांना फोनवर समजावलं होतं. "अब्बा, हम लोगां कीड्यांकू हळद लगा रहें." तिकडून अब्बांनी गंभीरपणे विचारलं, "शादी किसकी है?" हा किस्सा ती कुणालाही सांगायची आणि सांगताना स्वतःच आधी हसायची.

बाकी विभागात आमची थट्टाच चालायची. बाजारात हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या आणि हे लोक बाटलीत हळद करून राहिले, असं. सर निवृत्तीला आले होते. कॉरिडॉरमध्ये कुणी ना कुणी त्यांना विचारायचंच, "काय सर, झालं का पिवळं?" सर हसून पुढं जायचे. पण प्रयोगशाळेत आल्यावर बराच वेळ खुर्चीत नुसते बसून राहायचे.

त्या रविवारी चाकूरला माझ्या चुलत बहिणीची हळद होती. काकू, मावश्या, शेजारणी, सगळ्यांनी नवरीबरोबर मलाही माखलं. सोमवारी गाडीत आपानं माझे दोन्ही हात धरून उलटेपालटे केले. "बाई बाई, हिचंच लग्न उरकलं की काय? आम्हाला जेवायला बी नाही बोलावलं!" मनगटापर्यंत पिवळी होते मी. साबणानं दोनदा धुतलं होतं, पण हळद अशी जात नाही.

विभागात पोचलो तेव्हा आम्ही शनिवारी लावून ठेवलेले दोन चंबू तयार होते. एकात हळदीच्या जनुकांचे जिवाणू. दुसऱ्यात तेच जिवाणू, पण त्यांच्यातली कडी रिकामी. हा दुसरा म्हणजे कंट्रोल. पहिला पिवळा झाला आणि दुसरा झाला नाही, तरच तो पिवळा रंग जनुकांचा म्हणायचा. चंबूतला नमुना नळीत घ्यायचा, त्यावर एक द्रावक ओतायचा, नळी जोरात हलवायची. रंग असेल तर द्रावकाबरोबर वर येतो.

माझ्या मापाचे हातमोजे संपले होते. खोक्यात फक्त आपाचे, सहा नंबरचे. तिचे हात लहान मुलीसारखे. माझा पंजा त्यात शिरायचा नाही.

"थांब, स्टोअरमधून आणते," ती म्हणाली.

"राहू दे गं. एकच तर नळी हाय."

मी जनुकांचा नमुना घेतला, तिनं कंट्रोल. नळ्यांना बसणारी काचेची बुचं अर्धी फुटलेली. आपा डब्यात हात घालून खडखड करत नेमकं बसणारं बूच शोधत बसायची. मी अंगठा लावायची. नळीच्या तोंडावर अंगठा दाबायचा आणि हलवायचं. सर रागवायचे, पण घाईत सगळेच तसं करायचे.

नळी ठेवली. थर वेगळे झाले. माझ्या नळीतला वरचा थर पिवळाधमक होता. आपाच्या नळीतला पाण्यासारखा.

आपानं पर्समधून चुन्याची ट्यूब काढली. अब्बांसाठी घेतलेली, पानाची. हळदीत चुना पडला की कुंकवासारखा लाल रंग येतो, हे आमच्याकडं कुणालाही सांगावं लागत नाही. काचपट्टीवर माझ्या नळीतला एक थेंब आणि चुन्याचा ठिपका. लाल झालं. ती ओरडली, "ए चाकूर, कुंकू झालं गं!"

सर आले. त्यांनी नळी खिडकीशी धरली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हिच्या हाताला गुण आहे." विभागभर पेढे वाटले. ज्यानं त्यानं येऊन नळी पाहिली. सगळे माझ्याकडं बघत होते. मी मुळात न बोलणारी. शाळेपासून मागच्या बाकावरची. इतक्या लोकांनी माझ्याकडं एकाच वेळी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी होस्टेलच्या मेसमध्ये जेवायच्या आधी मी हात धुवत होते. साबणाचा फेस बोटांवर लालसर व्हायला लागला. साबणानं हळद लालसर होते, त्यात नवल काही नव्हतं. पण उजव्या अंगठ्यावरचा फेस पांढराच होता. मी हात उजेडाकडं केला. चारही बोटं पिवळी, आणि अंगठ्याचं पेर स्वच्छ, गोरं, धुऊन काढल्यासारखं.

द्रावकानं माझ्या अंगठ्यावरची हळद उतरवून नळीत नेली होती. जिवाणूंनी काही केलं नव्हतं. आपाचा कंट्रोल कोरा होता, कारण आपाचे हात कोरे होते. आम्ही दोन चंबूंची तुलना केलीच नव्हती. केली होती ती दोन हातांची.

मागं टेबलाशी आपा फोनवर बोलत होती, एका कानात बोट घालून. "अब्बा, हुआ! सच्ची हुआ! रंग चढा!"

मी समोर जाऊन बसले. वरण-भात कालवला. अंगठा भाताखाली ठेवला.

घाबरले म्हणून बोलले नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं. उरलेलं खरं हे की सरांचा हात डोक्यावर होता ते मला सोडवेना. आणि मनात एक हिशेबही होता की पुढच्या खेपेला खरंच पिवळं येईल, मग आजचं कुणाला कशाला सांगायचं?

पुढच्या खेपेला आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तेव्हा मी सरांकडं जाऊन म्हणाले, मला दुसरा विषय द्या, हळदीचं सगळं आपाला द्या, मेहनत तिची जास्त आहे. सर गहिवरले. आपानं तर मला मिठीच मारली. "एवढं मोठं मन कुठून आणलंस गं?" विभागात माझं नाव झालं. मी मेथीच्या मुळांवरच्या जिवाणूंवर सुखानं प्रबंध लिहिला. तो खोटा नव्हता, पण तो विषय मी कसा मिळवला ते मला ठाऊक होतं.

आपा त्याच त्या दोन चंबूंशी बसून राहिली. एकदा म्हणाली, "तू नेमकं काय केलतंस? माझ्यासमोर करून दाखव." मी करून दाखवलं. हातमोजे घालून, काचेचं बूच लावून. काही आलं नाही. तिचा चेहरा उजळला. "बघ, तुझ्या बी हातानं येईना! मला वाटलं माझ्याच हातात खोट हाय." त्या क्षणी मी सांगू शकले असते. मी म्हटलं, "चल, चहा घेऊ."

तिला तसं वाटायचं, कारण सर तिला तेच म्हणायला लागले होते. आधी थट्टेनं, मग थट्टा गळून पडली. "आपा, तुझ्या हाताला यश नाही बघ." ज्या माणसाच्या एका चांगल्या शब्दाची दिवसभर वाट पाहावी, त्यानं असं म्हणायचं.

मग तो हिवाळा. मला तोवर नांदेडमध्येच एका कॉलेजात तात्पुरती नोकरी लागली होती. एका दुपारी आपा रिक्षा करून कॉलेजच्या गेटवर आली. ओढणीखाली नळी धरलेली, बाळ धरावं तशी. चंबू हलवणाऱ्या यंत्राचा हीटर बिघडला होता आणि तिनं तो मुद्दाम दुरुस्त करवला नव्हता. थंडीत जिवाणू सावकाश वाढले. "त्यांना घाई नको असंल," ती म्हणाली. "आपणच घाई करून राहिलो होतो. बघ की. हाय ना?"

होतं. सरबतात लिंबू कमी पडावं तसं फिकं, पण होतं. कंट्रोलची नळी दुसऱ्या हातात होती तिच्या, आणि ती कोरी होती.

आम्ही दोघी मिळून सरांकडं गेलो. सरांनी नळी खिडकीशी धरली. चुन्यानं लाल व्हावं इतकं ते नव्हतं, आणि असं फिकं द्रव्य ओळखणारं यंत्र तेव्हा आमच्याकडं नव्हतं. नमुना बाहेर पाठवायचा तर सरांची सही लागायची. सर म्हणाले, "हा तर खाद्याचाच रंग वाटतो, कंट्रोलला खाद्य कमी पडलं असेल. पहिला कसा होता, आठवतोय ना?" मग माझ्याकडं वळले. "तू तर तो काढलेला. तुला काय वाटतं?"

आपा माझ्याकडं बघत होती.

मी म्हटलं, "फिकं आहे, सर."

माझ्या अंगठ्याच्या मानानं तिचं खरं फिकं होतं. सरांनी सही केली नाही. आपानं नळी रॅकवर ठेवली, बूच नीट बसलंय का ते पाहिलं आणि ओढणी सावरून बाहेर गेली.

उन्हाळ्यात अब्बांचा उजवा हात लुळा पडला. ज्या हातानं बांगड्या भरायचे तोच. प्रबंधाची मुदत संपत आली होती आणि तिच्याकडं दाखवायला काही नव्हतं. ती लातूरला परत गेली. मी स्टँडवर सोडायला गेले. तिनं सामान वर टाकलं, खिडकीशी बसली आणि सवयीनं शेजारच्या सीटवर रुमाल टाकला. मग माझ्याकडं पाहिलं आणि उचलून घेतला.

त्यानंतर लातूरला मी कितीदा तरी गेले असेन. लग्नांना, परीक्षेच्या कामाला. गंजगोलाईच्या बाजारात तिचं दुकान, पण त्याच्या अलीकडूनच परत फिरायची. दिवाळीला तिचा मेसेज यायचा, ईदला मी शुभेच्छा पाठवायची. एवढंच. चाकूरला माहेरी गेले की सोमवारी सकाळी जरा आधीच स्टँडवर जाऊन उभी राहायची मी. लातूरची गाडी आली की अजूनही दाराआधी खिडक्याच बघायची. जवळची माणसं मला बरीच मिळाली, पण माझ्यासाठी खोट्या म्हाताऱ्यांशी भांडणारं पुन्हा कुणी मिळालं नाही.

आता मी त्याच विभागात शिकवते. सर नाहीत. गेल्या थंडीत जुन्या डीप फ्रीजरचा कॉम्प्रेसर गेला आणि आतलं सगळं घाईनं हलवावं लागलं. बर्फाच्या थराखाली आपाचा डबा निघाला. नळ्यांच्या टोपणांवर तिचं बारीक, उजवीकडं झुकलेलं अक्षर. तो बाजूला ठेवून मी दोन दिवस त्याच्याकडं पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यातली एक नळी घेऊन जिवाणू वाढवले. थंड खोलीत, सावकाश, तिच्या रीतीनं. कंट्रोलही लावला. बूच शोधायला डबा खडखडवला, तेव्हा खोलीत मी एकटीच होते.

आता आमच्याकडं यंत्र आहे. कर्क्युमिनची रेघ जिथं यायला हवी तिथंच आली, बारीक पण सरळ. कंट्रोलमध्ये काही नव्हतं. एवढ्या वर्षांच्या बर्फातूनही तिच्या जिवाणूंनी हळद केली होती. ती त्यांनी त्या हिवाळ्यातही केली होती, आणि मी ती फिकी आहे म्हणाले होते.

अर्क सुकवून एका बाटलीत भरला आणि लातूरची गाडी धरली.

आपा गादीवर बसून एका बाईच्या हातात बांगड्या भरत होती. केस पिकलेत. मला पाहून क्षणभर थांबली. "अय्यो, चाकूर!" मग त्या बाईला म्हणाली, "अंगठा ढिला सोड, ताई. आखडू नको." आत खुर्चीवर अब्बा बसले होते, मांडीवर पानाचा डबा.

बाई गेल्यावर मी सांगितलं. बसायच्या आधीच. हळदीचा रविवार, अंगठा, मेसमधला फेस, आणि ते "फिकं आहे, सर". एका दमात. नाहीतर पुन्हा चहाच घेतला असता.

ती बांगड्यांचा एक जोड कागदात गुंडाळत होती. गुंडाळून झाला. सोडला. पुन्हा गुंडाळला.

"सर तसंच समजून गेले ना?" ती म्हणाली. "माझाच हात खराब म्हणून."

"हो."

"इथं बांगडी फुटली की अजून तेच आठवतं मला. हाताला यश न्हाई." तिनं वर पाहिलं नाही. "तू मला मिठी मारू दिलीस, चाकूर. विषय दिलास तेव्हा."

मी बाटली पुढं केली. तिनं लगेच घेतली नाही. मग घेतली आणि उजेडाकडं धरली. तिचे डोळे बारीक झाले, पूर्वी व्हायचे तसे. "स्पिरिट हाय का?" मी आणलं होतं. तिनं चार थेंब टाकून हलवलं. नव्या बाटलीला टोपण होतं, तरी ते घट्ट बसलंय का हे तिनं दोनदा पाहिलं. अब्बांच्या डब्यातून काडीवर चुना घेतला आणि काचेच्या काउंटरवर एक थेंब पसरला. हळूहळू विटकरी झालं, मग लाल.

ती बराच वेळ त्या ठिपक्यावर वाकून राहिली. मला वाटलं रडतेय. तिनं मान वर केली तेव्हा डोळे कोरडे होते.

"कंट्रोल कुठाय?"

"केलाय. नांदेडला आहे. आणला नाही."

"मग हे काय दाखवून राहिलीस मला?" आवाज चढला. समोरचा कपड्याचा दुकानदार वळून बघायला लागला. "परत तुझा अंगठा असला तर? मी कशी मानू? तुझ्या हातचं मी कायकू मानू?"

आतून अब्बांनी विचारलं, "क्या हुआ बेटा?"

तिनं ठिपका कपड्यानं पुसला. "कुछ नै अब्बा. वो शादी हो गई थी. खबर आज आई."

अब्बांना काय समजलं कोण जाणे. त्यांनी डाव्या हातानं डबा बंद केला आणि माझ्याकडं पाहून म्हणाले, "मुबारक."

निघताना मी विचारलं, हे सगळं लिहू का. ती म्हणाली, "लिही. पण नाव घालू नको. तुझं बी नको. तुझं घातलंस तर लोक म्हणतील, किती मोठ्या मनाची." बाटली तिनं परत दिली नाही. नांदेडला येशील का, तुझ्या हातानं करून बघशील का, हे विचारायला मी तोंड उघडलं, तोवर दोन बायका लेकींना घेऊन आल्या आणि ती माप बघायला लागली.

परतीच्या गाडीत मला खिडकी मिळाली. लातूर सोडल्यावर केव्हातरी मी शेजारच्या सीटवर रुमाल टाकला असावा. चाकूरला कंडक्टरनं विचारलं, "बाई, इथं कोण येणार हाय?" मी कुणी नाही म्हटलं आणि तो उचलला.

त्यानंतर बरेच दिवस काही नाही. दिवाळी गेली, मेसेज आला नाही. मी तिच्या नळ्या नव्या फ्रीजरमध्ये ठेवल्या. तिचं जुनं टेबल रिकामं केलं. फुटलेली बुचं टाकून दिली आणि बसणारी धुऊन पालथी घातली. का, ते कुणी विचारलं नाही.

काल मोबाईल वाजला. एकच ओळ होती.

"ग्लोव्ह्ज सहा नंबरचेच आण. आणि तू कशाला बी हात लावायचा न्हाई."

केव्हा येणार ते लिहिलेलं नाही. मी विचारलेलं नाही. खोकं आणून तिच्या टेबलावर ठेवलंय, सील न फोडता. आज थंडी बरी पडलीय.